टेबल मिळेल, पगार नाही

गेल्या आठवड्यात एका विद्यापीठाचं पत्र आलं. व्हिजिटिंग रिसर्च फेलो, म्हणजे काही काळासाठी पाहुणी संशोधक, म्हणून माझी निवड झाली, अभिनंदन वगैरे. खाली बारीक अक्षरांत: मानधन नाही, प्रवासखर्च नाही, राहण्याची सोय ज्याची त्याने करायची. मिळणार काय, तर तीन महिने एक टेबल, ग्रंथालयाचं कार्ड आणि विद्यापीठाचा ईमेल आयडी.

मी नकार कळवला. तेव्हापासून मित्रमंडळी हळहळताहेत. "अगं, सीव्हीवर केवढं उठून दिसलं असतं!" दिसलं असतंच. पण सीव्ही दाखवून घरभाडं फिटत नाही.

टेबल आणि कार्डाला मी नावं ठेवत नाहीये. विद्यापीठाबाहेरच्या संशोधकाला लॉगिनशिवाय जर्नलचं एक पान उघडता येत नाही, हे मी भोगलंय. पण काही वर्षांपूर्वी मला चार महिन्यांची, पगारी फेलोशिप मिळाली होती, त्यामुळे फरक ठाऊक आहे. हस्तलिखितांच्या वाचनकक्षात पेन बाहेरच ठेवावं लागायचं, आत फक्त पेन्सिल. जुनी वही फोमच्या पाचरींवर टेकवायची आणि पानं मिटू नयेत म्हणून त्यांवर कापडात शिवलेली वजनांची माळ ठेवायची. अर्जात मी लिहिलं होतं, एका व्यापारी घराण्याचा पत्रव्यवहार बघणार. एक दिवस चिठ्ठीवर नंबर चुकवला आणि समोर आली भलतीच हिशेबाची वही. परत करणार, तेवढ्यात मागची पानं दिसली. उधारीची मुदत वाढवून मागणाऱ्या एकाच पत्राची सुरुवात कुणीतरी अकरा वेळा लिहून खोडली होती. दर वेळी मायना थोडा अधिक नम्र.

त्या अकरा खोडलेल्या ओळींमागे मी तीन आठवडे घालवले. माझा पुढचा सगळा लेख तिथूनच निघाला, अर्जातल्या विषयातून नव्हे. महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसे येत होते म्हणून चुकीच्या वहीत रमायची चैन परवडली. खिशातून खर्च करून गेले असते, तर नंबर दुरुस्त करून, ठरलेल्या पत्रांचे धडाधड फोटो काढून परतले असते.

पगार द्या आणि मोकळं सोडा, ही काही माझी नवी कल्पना नाही. १९३० साली प्रिन्स्टनला इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी ही संशोधनसंस्था निघाली, तेव्हा तिचा पहिला संचालक अब्राहम फ्लेक्सनर याने वर्ग आणि परीक्षा यांना तिथे जागाच ठेवली नाही. आणि पगाराच्या बाबतीत हात आखडला नाही. आईनस्टाईनने मागितला त्याहून कितीतरी जास्त दिला. बर्लिनच्या विसेनशाफ्ट्सकॉलेग या अशाच संस्थेत फेलो दहा महिने राहतात, कुटुंबासह जाता येतं आणि एकत्र जेवणं हा तिथल्या कामाचाच भाग मानतात. नॉर्थ कॅरोलायनातलं नॅशनल ह्युमॅनिटीज सेंटर १९७८मध्ये सुरू झालं. आसपासच्या विद्यापीठांतून फेलोंना हवी ती पुस्तकं आणून द्यायला तिथे माणसं आहेत. बुद्धिमान माणसाच्या डोक्यावरची रोजची कटकट कमी केली की तो काम करतो, एवढं साधं गणित आहे हे.

बिनपगारी फेलोशिप परवडते कुणाला? ज्याला स्वतःच्या विद्यापीठाची पगारी सबॅटिकल, म्हणजे शिकवण्यातून सुटका देणारी संशोधनाची रजा, मिळते त्याला. कंत्राटावर शिकवणारा, नुकती पीएचडी झालेला, घरात आजारी माणूस असलेला अर्जच करत नाही. मग ‘आमच्याकडे जगभरातून विद्वान येतात’ म्हणून फोटो झळकतात, त्यांत आधीच स्थिरावलेलेच चेहरे. (अर्जात मात्र ‘संशोधनाचा समाजावरील प्रभाव’ आणि महिनावार वेळापत्रक सगळ्यांकडून मागतात. जे अजून सापडायचंय ते कितव्या आठवड्यात सापडेल, हे मी कसं सांगू?)

‘मानद’ म्हणा, पाहुणे म्हणा, पण पाहुण्याला निदान राहायला खोली देतात हो.

नकार कळवताना त्यांच्या कार्यालयाला एवढंच विचारलंय, की बारा जणांना टेबलं देण्याऐवजी तिघांना चार महिन्यांचा पगार देता येईल का. उत्तर आलं की इथेच टाकते.