पीटरहेडचा वेल्स आणि पुण्याचा तांबट

ॲबर्डीनला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथून उत्तरेला तासाभरावर पीटरहेड आहे. मासेमारीचं बंदर, गुलाबी ग्रॅनाइटची घरं, धक्क्यावर बांगड्याचा ओळखीचा वास. सवाई माधवरावांना ज्याने रंगवलं, तो जेम्स वेल्स १७४७ साली याच गावात जन्मला, हे मला इथे आल्यावर कळलं.

१७९१ मध्ये तो मुंबईत उतरला. पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने त्याला आधार दिला. १७९२ च्या चित्रात दागिन्यांनी मढलेला कोवळा पेशवा आहे आणि शेजारी पांढऱ्या पोशाखातले, शिडशिडीत नाना फडणवीस. नानांचा चेहरा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याचं मोठं श्रेय वेल्सचं. व्यक्तिचित्रांइतकाच जीव त्याने मुंबईच्या देखाव्यांत आणि लेण्यांत ओतला. १७९५ च्या ऑक्टोबरात पेशवा गेला आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही. वेरूळच्या त्याच्या रेखाटनांवरून केलेली २४ चित्रं इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला छापली.

२०२४ मध्ये वाघनखं लंडनहून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हाच विषय आहे. तो पेशव्यांचा पट लंडनला, रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मावसभावाचं म्हणणं, तोही परत आणलाच पाहिजे. त्याची तळमळ मला समजते, परदेशात राहून ती वाढतेच. पण हे चित्र लुटीचं नाही, पेशवा स्वतः त्यासाठी बसला होता. लुटीच्या वस्तूंसाठी जरूर भांडू या. दोन्हींना एकच न्याय लावला, तर खरी मागणी कच्ची पडते.

आणि जे आपलं आहे, त्याचं काय? त्याच काळात पुण्याचा गंगाराम तांबट मॅलेटसाठी वेरूळची लेणी काढत होता, वेल्सबरोबरही काम करत होता. त्याची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि त्यांची छायाचित्रं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आमच्या शाळेत मात्र गंगारामचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. मूळ कागद यायचा तेव्हा येईल, पण त्याला आपल्या पोरांच्या पुस्तकात आणायला कुणाची परवानगी लागते?

परवा मी मावसभावाला गंगारामचा गेंडा पाठवला, पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहालयातला, १७९० चा. मानेवरची कातडीची एकेक वळी त्याने निगुतीने काढली आहे. रात्री उत्तर आलं : "पुण्यात गेंडा होता? अजून आहेत का त्याची चित्रं?"