उडतंय ना अजून?

हवाई दलाची जुनी हेलिकॉप्टरं बदलायचं काम उद्या तुमच्या गळ्यात पडलं तर घाबरू नका. मुंबईत एखाद्या सोसायटीच्या कमिटीवर एक टर्म काढली असेल, तर तुमचं निम्मं शिक्षण झालेलंच आहे. आमच्या दादरच्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. ती बदलायचा विषय वार्षिक सभेत पहिल्यांदा निघाला तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. यंदा त्याचं इंजिनिअरिंग संपलं. कोटेशनं अजून तीनच आहेत, त्यातली दोन एकाच माणसाची.

तर पहिला धडा. यंत्र जुनं झालंय असं कोणी म्हणालं, की चहाचा कप खाली ठेवून शांतपणे विचारायचं, "उडतंय ना अजून?" समोरचा गार. कारण ते उडत असतंच. हवाई दलाचं चेतक हेलिकॉप्टर उडतं. फ्रान्समध्ये 'अलुएत' नावाने ते पहिल्यांदा 1959 साली उडालं, 1962 मध्ये एचएएलने, म्हणजे सरकारच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनीने, ते बंगळुरूला बनवायचा करार केला, आणि आज त्या करारावर सही करणाऱ्यांची नातवंडं निवृत्तीला आली असतील. चीताही उडतं. ते तर फ्रेंचांनी आपल्याच मागणीवरून, हिमालयातली विरळ हवा डोळ्यांसमोर ठेवून बनवलं. तिकडे त्याचं नाव 'लामा'. 1972 च्या जूनमध्ये ज्याँ बुले नावाच्या वैमानिकाने ते 12,442 मीटर उंच नेलं. तिथे इंजिन विझलं, आणि हा गडी नुसत्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवून सुखरूप खाली आला. ही गोष्ट बैठकीत जरूर सांगा. इंजिन नसतानाही जे खाली येतं, ते बदलायचं कशाला?

कोणी वयाचा मुद्दा काढला तर मुंबईच्या टॅक्सीचं उदाहरण तयार ठेवा. इथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि 2023 चा ऑक्टोबर संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. लोकांनी हळहळून फोटो टाकले. त्याच्या महिनाभर आधी बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली होती, तेव्हा तर बसला हार घातले. आता यातलं तत्त्व समजून घ्या. पद्मिनी दादर टीटीला बंद पडली तर चार माणसं उतरून धक्का मारू शकत होती, म्हणून तिला वयाची अट. सियाचीनवर वीस हजार फुटांच्या आसपास धक्का मारायला कोण येणार? तिथे अट घालून उपयोग काय?

आता निविदा. ही मात्र नीट शिकून घ्या, खरी कला इथेच आहे. निविदा काढायची असते ती रद्द करण्यासाठी, पण लगेच नाही. लगेच रद्द केली तर लोक म्हणतात, यांना घ्यायचंच नव्हतं. आधी चाचण्या घ्यायच्या, राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत. परदेशी कंपन्यांना आशा लागू द्यायची. चेतक-चीत्यांच्या जागी घ्यायच्या 197 हलक्या हेलिकॉप्टरांचं प्रकरण यात आदर्श आहे. युरोकॉप्टर या युरोपीय कंपनीचं फेनेक हेलिकॉप्टर जवळजवळ पक्कं झालं होतं. मग लक्षात आलं की चाचणीला आलेलं हेलिकॉप्टर लष्करी नव्हे, नागरी बनावटीचं होतं. 2007 च्या डिसेंबरात सगळं रद्द. 2008 मध्ये पुन्हा गणपती बसवला, पुन्हा चाचण्या, पुन्हा तक्रारी, आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा विसर्जन. मधल्या काळात संरक्षणमंत्री बदलले, वायुदल प्रमुख बदलले, चेतक तेवढं तेच राहिलं. घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते कोणाला कळलं नाही, आणि हे तर राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव लावलेलं हेलिकॉप्टर!

दुसऱ्यांदा रद्द झाल्यावर हातावर हात धरून बसलात असं दिसता कामा नये. त्यासाठी दोन देशांमधला करार हा रामबाण उपाय. 2015 च्या डिसेंबरात मॉस्कोला दोन बड्या नेत्यांसमोर कामोव्ह-226 या रशियन हलक्या हेलिकॉप्टरचा करार झाला. दोनशे हेलिकॉप्टरं, त्यातली साठ रशियातून आयती, बाकीची इथे बनवायची. फोटो झकास आले. मग भावाची घासाघीस सुरू झाली, किती भाग भारतात बनणार यावर अडलं, आणि आता त्या फोटोखेरीज दाखवायला काही नाही. काळजी नको, फोटो जपून ठेवलाय.

मोठ्या हेलिकॉप्टरांच्या बाबतीत मात्र जपून बोला. अवजड सामान वाहणारी 15 चिनूक आणि हल्ला करणारी 22 अपाची यांचे करार 2015 च्या सप्टेंबरात झाले आणि 2019 मध्ये ती चंदीगड आणि पठाणकोटला दाखल व्हायलाही लागली. चार वर्षांत! याचा उल्लेख बैठकीत टाळा. नाहीतर एखादा आगाऊ कॅप्टन विचारेल की हे चार वर्षांत जमतं, तर रोज रॉकेल आणि औषधं पोचवणारं छोटं हेलिकॉप्टर का जमत नाही. त्याचं उत्तर सोपं आहे. छोट्याचे फोटो चांगले येत नाहीत.

नवं मिळत नसेल तर नाव बदला. चेतकला नवं इंजिन घातलं की ते 'चेतन' होतं. चीत्याला नवं इंजिन घातलं की 'चीतल' होतं. चित्त्याचं चितळ करणारं हे जगातलं एकमेव अपग्रेड असावं. जंगलात हा कारभार उलट दिशेने चालतो. (तिकडे पुण्याची चेतक स्कूटर 1972 साली आली, मध्ये बंद पडली, 2019 मध्ये इलेक्ट्रिक होऊन परतही आली. पण स्कूटरला निविदा लागत नाही.)

सगळ्यात प्रभावी हत्यार आहे कौतुक. ते सढळ हाताने वापरा. सियाचीनवरचा वैमानिक एका इंजिनाच्या चीत्यात बसतो. त्यात ऑटोपायलट नाही, हवामानाचा रडार नाही, नकाशा मांडीवर. उंची इतकी की काही ठाण्यांवर एका फेरीत एखाद-दुसरा कॅन रॉकेल जातो, जास्त भरलं तर उडत नाही. हेलिपॅड म्हणजे बर्फावर टेकवलेला जेमतेम ओटा. पंखा थांबवायचा नाही, सामान ढकलायचं, जखमी उचलायचा आणि निघायचं. 1984 च्या एप्रिलपासून हे असं चालू आहे. खाली तळावर तंत्रज्ञ एका यंत्राचे भाग काढून दुसऱ्याला लावत रात्र काढतात, सकाळी दोन्हीपैकी एक तरी उडावं म्हणून. या सगळ्यांना 26 जानेवारीला पदकं द्या, भाषणात 'जिद्द' हा शब्द तीनदा घ्या. मग तीच जिद्द फायलीत पुरावा म्हणून लावा. यंत्र सक्षम आहे, पाहा, उडतंय ना?

इथे मात्र एक अडचण येते. ती म्हणजे घरची माणसं. 2015 साली लष्करी वैमानिकांच्या पत्नी संघटित होऊन थेट संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटल्या आणि ही जुनी हेलिकॉप्टरं बंद करा म्हणाल्या. असं होऊ देऊ नका. बायकांना शौर्याचे आकडे पाठ नसतात, त्यांना फक्त संध्याकाळी फोन आला की नाही एवढंच माहीत असतं. अरुणाचलात तवांगजवळ 2022 च्या ऑक्टोबरात चीता कोसळलं, 2023 च्या मार्चमध्ये मंडालाजवळ. दरवेळी चौकशी लावा. चौकशी अहवालाची पानं कमीत कमी हेलिकॉप्टरच्या वजनाइतकी भरली पाहिजेत.

स्वदेशी पर्यायाची थट्टा करायला मला जीभ वळत नाही. एचएएलचं हलकं हेलिकॉप्टर 2016 च्या सप्टेंबरात उडालं, लडाखच्या उंचीवर तपासलं गेलं, 2020 मध्ये हवाई दलासाठी त्याला प्राथमिक मान्यताही मिळाली. ज्यांनी ते बनवलं त्यांचा त्यात दोष कमी आणि घाम जास्त. 2023 च्या फेब्रुवारीत तुमकुरूला त्यासाठी 615 एकरांवर कारखान्याचं उद्घाटन झालं. तुम्ही तेवढा कारखान्याचा आकार सांगत राहा. त्यातून किती हेलिकॉप्टरं ठाण्यांवर पोचली, हा प्रश्न निघालाच तर एकरांचं हेक्टरात रूपांतर करून दाखवा.

आणि नशीबही साथ देतं. 2025 च्या जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव, एचएएलचंच दुसरं हेलिकॉप्टर, कोसळलं, तिघे गेले, आणि तिन्ही दलांची नवी ध्रुवं काही महिने जमिनीवर बसली. त्या काळात डोंगरात फेऱ्या कोणी मारल्या? आपल्या चेतक आणि चीत्यांनी. आता याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठून आणणार? नवं बसलं, जुनं उडलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोनशे हेलिकॉप्टरांसाठी पुन्हा कंपन्यांकडून माहिती मागवली. 120 लष्कराला, 80 हवाई दलाला. लक्षात घ्या, निविदा नाही, माहिती. भिजत घोंगडं वाळायला घालण्याआधी बादली कुठे आहे ते विचारलंय.

कुलाब्याला नौदलाच्या तळावरचं चेतक कधीकधी मरीन ड्राइव्हवरून घोंगावत जातं. परवा मी कठड्यावर बसलो होतो, तेव्हा शेजारचा मुलगा त्याच्याकडे बोट दाखवून बापाला म्हणाला, "पप्पा, नवीन आहे?" बाप म्हणाला, "नवीनच असणार, सरकारचं आहे ना."

घरी आलो तर लिफ्टच्या जाळीवर सेक्रेटरींची नवी नोटीस लागली होती. चौथं कोटेशन मागवण्यात येत आहे. तोपर्यंत लिफ्टमधून चारऐवजी दोघांनीच जावे, सामान जिन्याने न्यावे. खाली पेनाने कोणीतरी लिहिलं होतं, 'लिफ्ट उत्तम स्थितीत आहे.'