चौदाव्या दिवशी द्रोणांनी वाट सोडली का?

"द्रोणानं मुद्दाम सोडला अर्जुनाला. अडवायचं मनातच नव्हतं म्हाताऱ्याच्या."

बाळूनं एवढं म्हटलं आणि बेळगावच्या शहापुरातला आमचा कट्टा दुकानांची शटरं पडेपर्यंत उठला नाही. गल्लीतल्या देवळात सध्या महाभारतावर प्रवचन चालू आहे. काल जयद्रथवध झाला. बाळू फौंड्रीतली पाळी संपवून थेट प्रवचनाला जातो आणि ऐकलेलं सगळं कट्ट्यावर आणून ओततो.

गोष्ट सगळ्यांच्या तोंडची. तेराव्या दिवशी अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला. त्याच्या मागनं आत घुसू बघणाऱ्या पांडवांना जयद्रथानं तोंडाशीच रोखलं आणि पोर आत एकटं पडलं. संध्याकाळी अर्जुनानं प्रतिज्ञा केली की उद्या सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निकाष्ठं भक्षण करीन. ते कानावर येताच जयद्रथ घरी परत जायला निघाला होता. दुर्योधनानं आणि द्रोणांनी धीर देऊन त्याला थांबवलं.

सूर्याचा विषय लवकर मिटला. बसू मूळचा गोकाककडचा, घरात कन्नड, कट्ट्यावर मराठी. त्याचं म्हणणं, कृष्णानं सूर्य झाकला हेच त्या दिवसाचं मर्म. मास्तरांनी सांगितलं की पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 एवढी वर्षं खपून, जुन्या पोथ्या ताडून जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्या मुख्य संहितेत सूर्य झाकल्याचा प्रसंग नाही. तिथं कृष्ण एवढंच सांगतो की सूर्य झपाट्यानं अस्ताला चाललाय, उरक. बसू चिडला. "आमच्याकडं दोड्डाटात, त्या लोकनाटकात, सूर्य परत दिसला की अख्खं गाव उठून ओरडतंय. ते काय खोटं म्हणायचं?" मास्तर म्हणाले, "खोटं नाही रे, मागाहून आलेलं." मला मास्तरांचं पटतं. 'हा सूर्य, हा जयद्रथ' एवढंच लक्षात ठेवल्यामुळं सकाळपासून जे घडलं ते आपण विसरून बसलोय.

सुभेदार काका तोवर गप्प होते. मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेला माणूस, नकाशा मांडल्याशिवाय बोलत नाही. चहाचा रिकामा ग्लास कट्ट्याच्या कडेला ठेवून म्हणाले, "हे द्रोण." विडीचं बंडल लांब दुसऱ्या टोकाला सरकवलं. "हा जयद्रथ." आणि ग्लासाच्या अलीकडं, आमच्या बाजूला, काडेपेटी ठेवली. "हे धर्मराज. आता सांगा, ग्लासानं कुणाकडं बघायचं?"

व्यूह होता शकटाचा, म्हणजे गाड्याच्या आकाराचा. लांबी 12 गव्यूती, म्हणजे 24 कोस. गाड्याच्या मागं पद्माचा व्यूह, त्याच्या पोटात सुईसारखा सूचीव्यूह, आणि सुईच्या पार टोकाला जयद्रथ. द्रोण सगळ्यात पुढं, गाड्याच्या तोंडाशी. जयद्रथाला त्यांनी आपल्यापासून 3 गव्यूतींवर बसवलं. त्याच्याभोवती कर्ण, अश्वत्थामा, शल्य, कृप, वृषसेन, भूरिश्रवा, आणि 60 हजार रथ, 14 हजार हत्ती, एक लाख घोडेस्वार.

सकाळी अर्जुन द्रोणांसमोर आला. लढाई झाली, पण वेळ चालला तसं कृष्णानं सांगितलं की यांना सोडून पुढं चल. अर्जुनानं गुरूंना प्रदक्षिणा घातली आणि रथ पुढं काढला. द्रोणांनी मागनं विचारलं, "शत्रूला जिंकल्याशिवाय तू रण सोडत नाहीस ना? मग चाललास कुठं?" अर्जुन म्हणाला, "तुम्ही माझे गुरू आहात, शत्रू नव्हे."

"हेच की!" बाळू म्हणाला. "प्रदक्षिणा घालून चाललाय, आणि ह्यो बघत उभा. याला अडवणं म्हणायलास तू?"

बाळूचा संशय नवा नाही. दुर्योधनानं त्याच दिवशी तो द्रोणांच्या तोंडावर बोलून दाखवला. तुम्ही मधात बुडवलेला वस्तरा आहात हे मला कळलं नाही, असं तो म्हणाला. इतकं झोंबणारं बोलणं ऐकूनही द्रोण रागावले नाहीत, त्यांनी हिशोब सांगितला. अर्जुनाचा सारथी कृष्ण, त्याचे घोडे वेगाचे, जरा फट मिळाली की तो निसटतो. सोडलेले बाण त्याच्या रथाच्या मागं कोसभर पडतायत, दिसत नाहीत का तुला? मी म्हातारा झालोय. आणि समोर युधिष्ठिर उभा आहे, अर्जुनाशिवाय. त्याला पकडीन असा शब्द मी दिलाय. व्यूहाचं तोंड सोडून मी जाणार नाही.

सुभेदारांनी काडेपेटीवर बोट आपटलं. "शब्द दिला कुणाला? दुर्योधनालाच. सेनापती झाल्या झाल्या द्रोणांनी वर माग म्हटलं, तेव्हा यानंच मागितलं होतं की धर्मराजाला जिवंत धरून आणा. तो हुकूम मागं घेतला का? नाही. आणि चौदाव्या दिवशी वर दुसरा हुकूम, जयद्रथाला वाचवा. एक काम पुढं, एक 6 कोस मागं. माणूस एक, वय 85. पलटणीत असं झालं तर जाब कुणाला विचारतात?"

माझं मत इथंच पक्कं झालं. द्रोणांनी वाट सोडली नाही. त्यांनी दोन कामांतलं आधी दिलेलं काम निवडलं आणि ते मनापासून केलं. अर्जुन आत गेल्यावर त्यांनी धर्मराजावर असा मारा केला की रथ गमावून त्याला सहदेवाच्या रथावरून पळावं लागलं. थोडक्यात हुकलं. फितूर माणूस एवढ्या जिवावर उदार होऊन लढत नाही.

आप्पा मागावरनं उठून आले होते, हाताला अजून सूत चिकटलेलं. ते म्हणाले, "बाळू, आदल्या दिवशी कर्णानं विचारलं तेव्हा अभिमन्यूचं धनुष्य तोडायची अक्कल कुणी सांगितली? द्रोणांनीच. पोराला मारायची युक्ती सांगणारा दुसऱ्या दिवशी बापाला वाट देतोय व्हय?"

बाळू जरा थांबला. मग म्हणाला, "म्हणूनच दिली असंल. टोचलं असंल म्हाताऱ्याला."

याला कुणाकडं उत्तर नव्हतं. मीही ते खोडून काढू शकलो नाही, पण ग्रंथात द्रोण जे बोलतात आणि करतात त्यात पश्चात्ताप मला दिसत नाही.

मग सुभेदार पांडवांच्या चुकीवर आले. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात मोठं धाडस अर्जुनाचं नाही, धर्मराजाचं. दुपार कलली. लांबून कृष्णाचा पांचजन्य शंख ऐकू येतोय, गांडीवाचा टणत्कार नाही. अर्जुन पडला आणि कृष्ण एकटा लढतोय की काय, या भीतीनं त्यानं सात्यकीला आत जायला सांगितलं. सात्यकी नको म्हणत होता, कारण धर्मराजाला सांभाळायचं काम अर्जुनानं त्याच्यावर सोपवलं होतं. तरी पाठवला. मग भीमालाही पाठवलं. सात्यकीनं द्रोणांना वळसा घातला, माझा गुरू अर्जुन गेला त्याच वाटेनं मी जातो म्हणाला. भीमानं मात्र सांगितलं, दयाळू अर्जुन वेगळा, मी तुमचा शत्रू आहे, आणि गदा फेकून त्यांचा रथच मोडला.

"राखीव फौज एकामागनं एक आत सोडली," सुभेदार म्हणाले. "हे सैन्याचं गणित नव्हे, भावाची माया. त्यावेळी द्रोणांना धर्मराज सापडला असता तर जयद्रथ मेला काय अन् जगला काय, युद्ध खलास."

बसूनं कन्नडमधनं होकार भरला, "हौद री, पण अर्जुन तिकडं काय करत होता? घोड्यांना पाणी पाजत होता!"

या प्रसंगावर सुभेदारांचा जीव आहे. घोडे दमले, बाणांनी जखमी झाले. भर रणात अर्जुन खाली उतरला, अस्त्रानं जमीन फोडून पाणी काढलं, बाणांचेच खांब आणि बाणांचंच छप्पर करून घर उभं केलं. कृष्णानं घोडे सोडले, स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगातले बाण उपसले, अंग चोळलं, पाणी पाजलं, लोळू दिलं, चारा घातला. तोवर अर्जुन पायउतार होऊन एकटा सगळ्यांना थोपवत होता. सुभेदार म्हणाले, "सूर्य डोक्यावरनं ढळलाय, वेळ हातात नाही, तरी थांबला. न थांबता हाकले असते तर घोडे वाटेत पडले असते. जयद्रथ तिथंच मेला म्हणा."

शेवटी बाळूनं सरळ विचारलं, "बरं, मग दुर्योधनानं करायचं काय होतं?"

"कर्णाला तोंडाशी ठेवायचं आणि द्रोणांना जयद्रथाजवळ," आप्पा म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. "त्याच दिवशी भीमानं कर्णाला पुन्हा पुन्हा रथ बदलायला लावला. तोंडाशी कर्ण असता तर सात्यकी आणि भीम दुपारपर्यंत थांबलेच नसते."

सुभेदारांनी काडेपेटी उचलून खिशात घातली. "हुकूम मागं घ्यायचा. धर्मराज आज नको, फक्त जयद्रथ वाचवा, एवढंच सांगायचं. मग ग्लास पाहिजे तिथं ठेवता आला असता."

बाळूला ते अजून मान्य नाही. प्रवचनात आता रात्रीचं युद्ध आहे, दर रथावर पाच-पाच दिवे लावून कौरव लढले ते. तिथंही दुर्योधन द्रोणांना बोल लावतो, हे बाळूनं आत्ताच मास्तरांकडनं काढून घेतलंय.