ग्रुपचं नोटिफिकेशन चालू ठेवलं म्हणून गूगल तुमचे मेसेज वाचत नाही

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय, तुमच्याकडे आलं असेलच. त्यात म्हटलंय की व्हॉट्सअॅप ग्रुपचं नोटिफिकेशन चालू असेल तर प्रत्येक मेसेज आधी गूगल किंवा अॅपलकडे जातो, तिथली माणसं तो वाचतात आणि साठवून ठेवतात, नोटिफिकेशन बंद केलं की हे सगळं थांबतं, ग्रुप म्यूट केला तर अॅडमिनला कळतं, मोठ्या ग्रुपमुळे बॅटरी संपते, आणि सगळ्यात खाली एक लिंक, की हे ‘नोटिफिकेशन संरक्षक’ अॅप टाका आणि मागेल ती परवानगी द्या. सांगलीच्या माझ्या आत्याने हे वाचून सगळ्या ग्रुपांची नोटिफिकेशनं बंद केली, आणि ते अॅपही ती टाकणारच होती, फोनवर बोलता बोलता विषय निघाला म्हणून थांबली.

त्यामुळे लिंकचा मुद्दा आधी घेतो, बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. असलं अॅप ‘नोटिफिकेशन अॅक्सेस’ मागतं. ही परवानगी दिली की तुमच्या फोनवर दिसणारं जवळजवळ प्रत्येक नोटिफिकेशन त्या अॅपला वाचता येतं. म्हणजे घरच्या ग्रुपवरचं बोलणं, आणि अँड्रॉइड १५ च्या आधीच्या फोनवर बँकेचा ओटीपीसुद्धा. आणि हे वाचायला कुठलं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लावलेलं कुलूप, फोडावं लागत नाही, कारण मेसेज तोपर्यंत तुमच्या फोनवर उघडून स्क्रीनवर आलेला असतो. वर ते अॅप नोटिफिकेशन पुसूनही टाकू शकतं, म्हणजे ओटीपी आला होता हेच तुम्हाला कळणार नाही. गूगल वाचेल या भीतीने तुम्ही कोणा अनोळखी माणसाला सगळं वाचायला देताय! अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या अॅपला ही परवानगी द्यायला गेलं की फोन अडवतो, ते याच धोक्यासाठी. आणि फॉरवर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय की फोनने अडवलं तर सेटिंगमध्ये जाऊन ‘अनुमती द्या’ करा. ज्याने हे लिहिलं त्याला आपण काय करतोय ते नक्की माहीत आहे. कोणी टाकलं असेल तर आधी सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन अॅक्सेस’ शोधून त्या अॅपची परवानगी काढा, मग अॅप उडवा, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आता गूगल वाचतं का. व्हॉट्सअॅपवर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, ग्रुपसुद्धा त्यात आले. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो, मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. तुमचं अॅप झोपलेलं असेल तर सर्व्हर गूगलच्या नाहीतर अॅपलच्या पुश सेवेला सांगतो की या फोनला उठव. पोस्टमनने नुसती बेल वाजवावी तसं. जो मजकूर सर्व्हरला स्वतःलाच वाचता येत नाही तो गूगलला कुठून वाचून दाखवणार? सिग्नल हे मेसेजिंग अॅप तर चक्क रिकामं पुश पाठवतं, अॅप जागं होतं आणि मेसेज स्वतः जाऊन आणतं. मॅट्रिक्स नावाच्या खुल्या मेसेजिंग जाळ्यावर स्वतःचा सर्व्हर चालवणारी मंडळी आहेत, तिथेही पुशमध्ये फक्त रूमचा, म्हणजे तिथल्या ग्रुपचा, आणि मेसेजचा क्रमांक पाठवायची सोय आहे. उलट तिथे एन्क्रिप्टेड रूममध्ये कोणी तुमचं नाव घेतलंय का हे सर्व्हरला कळूच शकत नाही, म्हणून तो प्रत्येक मेसेजला फोन उठवतो आणि वाजायचं की नाही ते अॅप ठरवतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, कारण हे फॉरवर्ड बहुतेक तिथूनच उगवलंय. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी तिथल्या न्याय खात्याला पत्र लिहून सांगितलं की वेगवेगळ्या देशांची सरकारं अॅपल आणि गूगलकडून पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागवतायत. कुठल्या अॅपचं नोटिफिकेशन, कधी, कुठल्या फोनवर आणि कुठल्या खात्यावर गेलं, या त्या नोंदी. आणि एखादं अॅप मजकूर एन्क्रिप्ट न करताच पुशमध्ये घालत असेल तर तो मजकूरही. हे गंभीर आहे, मी ते हलकं करत नाहीये. पत्र बाहेर आल्यावर अॅपलने न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय ही माहिती देणार नाही असा नियमही केला. पण त्या पत्रात कुठेही ‘तुमच्या ग्रुपचे मेसेज माणसं बसून वाचतात’ असं नाही. आणि अँड्रॉइडवर नोटिफिकेशन बंद केल्याने फक्त दिसणं-वाजणं थांबतं, पुश तरीही येऊ शकतं, त्यामुळे फॉरवर्डमधला उपाय या खऱ्या प्रश्नालासुद्धा लागू पडत नाही.

म्यूट केल्याचं अॅडमिनला काहीही कळत नाही, ती तुमच्या फोनपुरती सेटिंग आहे. बॅटरीचं म्हणाल तर प्रत्येक अॅपने वेगळं सर्व्हरला विचारत बसू नये म्हणूनच ही एक सामायिक पुश सेवा काढलीय. दिवसभर स्क्रीन पेटत राहिली तर बॅटरी जाते हे खरं, मग तेवढा गुड मॉर्निंगवाला ग्रुप म्यूट करा.

सरसकट बंद करू नका हे मी इतकं हट्टाने सांगतोय कारण आत्याने बंद केलेल्यांत गल्लीचा ग्रुपही होता. कोयना धरणातून विसर्ग वाढला, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, हे तिला तिथेच पहिलं कळतं. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. रात्री दोनला आलेला तो मेसेज सकाळी उठून वाचला तर खालच्या खोलीतलं सामान वर कोण नेणार? दुसऱ्याने वाचू नये असं वाटत असेल तर लॉक स्क्रीनवर मजकूर लपवायची सेटिंग आहे, ती चालू करा, फोन वाजेल पण मेसेज दिसणार नाही. आत्याच्या फोनवर आता तेवढंच करून दिलंय.