नाश्त्याची वेन आकृती

संचांच्या शाब्दिक उदाहरणांतली माणसे विलक्षण सालस असतात. चहा आवडतो की कॉफी असे विचारले, की ती एक किंवा दोन्ही सांगतात आणि गप्प बसतात. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत प्रजासत्ताक दिनाच्या नाश्त्यासाठी ८० सभासदांची पसंती मागवली, तेव्हा ‘मिसळ चालेल, पण कोठली ते आधी कळवावे’ अशा थाटाची उत्तरे आली. मला एकेकाळी गणितात बरे गुण मिळत असल्याची बातमी कोणीतरी फोडल्यामुळे तो गठ्ठा माझ्या घरी येऊन पडला.

अटी-शर्ती बाजूला काढल्यावर मिसळवाले ४५, खिचडीवाले ३८ आणि पोहेवाले ४० निघाले. बेरीज १२३ झालेली पाहून सचिव हबकले. “अहो, वरचे ४३ जण कोणाचे पाहुणे?”

मी सगळ्या ८० सभासदांचा एक आयत आखून त्यात प्रत्येक पदार्थाचे एक अशी एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळे काढली. जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्याच्या समोर आमचे सचिव बसलेले नव्हते.

खरी मेख ‘फक्त’ या शब्दात असते. ४५ मिसळवाल्यांत खिचडीही मागणारे १६ आणि पोहेही मागणारे २० दडलेले होते. खिचडी-पोहे अशी जोडी १७ जणांना हवी होती आणि तिन्ही पदार्थांवर खूण करणारे ९ महाभाग या प्रत्येक जोडीत हजर होते. म्हणून आकृती आतून भरावी लागते: मधोमध ९, मग नेमके दोनच मागणाऱ्यांचे ७, ११ आणि ८, आणि सर्वांत शेवटी फक्त मिसळ १८, फक्त खिचडी १४, फक्त पोहे १२. सूत्राने जावे, तर १२३ मधून जोड्यांचे ५३ वजा करताना तीनदा मोजलेले हे ९ जण तीनदा कापले जाऊन पार नाहीसे होतात, आणि त्यांना एकदा परत मिळवावे लागते.

“तिन्ही हादडणार तेच, आणि तुम्ही त्यांनाच परत बोलावता?” सचिवांनी खिन्नपणे विचारले.

उत्तर ७९ आले. उरलेले एक सभासद आयतात होते, पण तिन्ही वर्तुळांबाहेर. पुस्तकात अशा माणसाची ‘यांपैकी काहीही न आवडणारे’ एवढ्यावर बोळवण होते. आमच्या या एकट्या सभासदांनी फॉर्मला पुरवणी जोडून नाश्त्याच्या खर्चावर सविस्तर हरकत नोंदवली होती आणि शेवटी, बिनसाखरेचा चहा असल्यास येऊ, असे लिहिले होते.

“मग चहाचे चौथे वर्तुळ काढा,” सचिव म्हणाले. चार संचांना १६ भाग लागतात, चार वर्तुळांनी जास्तीत जास्त १४ च पडतात आणि म्हणून खुद्द वेननेही तेथे लंबवर्तुळे वापरली, हे मी सांगेपर्यंत त्यांनी फोनवर ८० कप चहा सांगून टाकला होता.