दावा मिटवायची घाई असलेल्यांसाठी

गावाबाहेर रोडला लागून तुमचे दोन प्लॉट आहेत. म्हणजे तुमच्या मते दोन्ही तुमचे, भावाच्या मते दोन्ही त्याचे, आणि परवा ज्याने तिथे गिट्टीचा ट्रक रिकामा केला त्याच्या मते त्याने कधीचाच विसार देऊन ठेवला आहे. दावा तालुक्याच्या कोर्टात लागला आहे. बायको म्हणते, मिटवून टाका. साळा म्हणतो, मिटवून टाका. तुम्हालाही मनातून मिटवायचंच आहे. अट एवढीच की त्यात समोरचाही मिटला पाहिजे. अशा समंजस माणसाच्या उपयोगासाठी चार गोष्टी सांगतो.

आधी हे की कागद वाचू नका. कागद वाचला की शंका येते, आणि शंका आलेला माणूस दावा लढत नाही. खरेदीखत बुढ्याच्या लोखंडी पेटीत आहे, तिथेच राहू द्या. तुम्ही सातबारा काढा, लॅमिनेट करा आणि छातीशी धरून फिरा. सातबारा हा महसुलाचा कागद. फेरफाराच्या नोंदीने कोणी मालक होत नाही आणि कोणाची मालकी जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण सर्वोच्च न्यायालय दिल्लीत आहे आणि तुम्हाला राहायचं आहे पारावरच्या माणसांत. तिथे एकमत आहे की ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याचं वावर. प्लॉट गावठाणात असेल तर सातबाराही नको, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरटॅक्सची पावती पुरे. टॅक्स भरल्याने मालकी सिद्ध होत नाही, असं वकील म्हणेल. वकील बदला.

नोंदीवरून भांडायची सोय मात्र उत्तम आहे, तिचा लाभ घ्या. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत टाका. मग मंडळ अधिकारी, तिथून उपविभागीय अधिकारी, मग अपर जिल्हाधिकारी, आयुक्त, आणि दम असेल तर मुंबईला मंत्रालय. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने ही सगळी वाट बांधून दिली आहे. ती शेवटपर्यंत चालून गेलात तर निकाल मिळतो की रजिस्टरात नाव कोणाचं राहील. मालकीचं काय, असं विचारलं तर उत्तर येतं, दिवाणी कोर्टात जा. म्हणून दोन्ही एकदम चालवा. तहसीलवाले म्हणतील दिवाणीचा निकाल येऊ द्या, दिवाणीत समोरचा वकील म्हणेल महसुलाचं अपील प्रलंबित आहे. मधल्या काळात प्लॉटवर गाजरगवत छातीला लागतं. ते कोणाचं, यावर अजून दावा पडलेला नाही.

जुने कागद शोधायला लागलात तर आपल्या विदर्भासारखं भाग्य पुण्याकडच्यांना नाही. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट सरकारला; नागपूर-भंडारा-चांद्याकडे मालगुजारी, म्हणजे मध्ये मालगुजार. मालगुजारी गेली १९५१ साली, पण मालगुजाराने कोणाला तोंडी काय दिलं होतं ते अजून गेलेलं नाही. १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात, पुढे १९६० पर्यंत मुंबई राज्यात, नंतर महाराष्ट्रात. माणूस एकाच ओसरीवर बसून तीन राज्यांत राहून आला. त्यामुळे जमिनीचा दर्जा कुठे भूमिस्वामी, कुठे भूमिधारी, कुठे भोगवटदार वर्ग दोन, कुठे नझूल. कुळाचा कायदासुद्धा आपला वेगळा, खास विदर्भासाठीचा, १९५८ चा. शिवाय विनोबा पवनारलाच राहिल्यामुळे आपल्याकडे कोणाच्या तरी आजोबाने भूदानात दिलेला एक तुकडा निघतोच, जो विकता येत नाही आणि जो विकलेला असतो. यातला एखादा पिवळा कागद हाती लागला की अर्थ लावायच्या फंदात पडू नका. नुसता दाखल करा. अर्थ लावायला समोरच्याचा वकील फी घेऊन बसला आहे.

तुमचे प्लॉट ले-आऊटमधले असतील तर अभिनंदन, तुमचं काम निम्मं झालेलं आहे. समृद्धी महामार्गाची मोजणी सुरू झाली तेव्हापासून ज्या वावरात पऱ्हाटी सोडून काही उभं राहत नव्हतं तिथे चुन्याच्या रेघा पडल्या. अकृषिक परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही, १९४७ चा तुकडेबंदी कायदा तसाच बसलेला, पण कमान आहे आणि कमानीवर ‘नगर’ लिहिलेलं आहे. तिथे प्लॉट घेतला तो शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरी करून. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची खरेदी रजिस्टर झालीच पाहिजे, हा कायदा १९०८ सालचा आहे, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. पण नोटरीचा गोल लाल शिक्का पाहिला की इमान बसतंच. नोटरीने फक्त सही कोणी केली ते पाहिलेलं असतं, काय विकलं ते नाही. त्याच नोटरीने तोच प्लॉट दुसऱ्या कोणाला विकतानाची सहीसुद्धा तितक्याच काळजीने पाहिली. २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागू लागला, त्यामुळे फसवणुकीचा दर्जा जरा उंचावला म्हणायचा.

मोजणी टाळता आली तर टाळा, कारण मोजणीने वाद मिटण्याची थोडी भीती असते. टाळता नाहीच आली तर अर्ज अशा बेताने करा की मोजणीवाले साहेब येतील तेव्हा तूर डोक्याइतकी असेल. रोव्हर आला आहे, उपग्रहावरून हद्द सापडते, हे खरं; पण उपग्रहाला तुमच्या काकांचा स्वभाव दिसत नाही. साहेब खुणा दाखवतील. ज्या खुणा तुमच्या बाजूने सरकल्या त्या मान्य करा, बाकीच्यांवर सही देऊ नका. रात्री धुरा, म्हणजे बांध, नांगराच्या एका तासाएवढा भावाच्या बाजूला ढकलून ठेवा, सकाळी तो परत ढकलेल, व्यायाम होतो. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हाती आली की ती अमान्य करून निमताना, म्हणजे वरच्या साहेबाकडून फेर, मोजणी मागा. निमतानाही विरोधात गेली तर साहेब फितूर आहे असं पारावर सांगा. त्याला पुरावा लागत नाही.

आता बहीण. हा भाग सावकाश वाचा, कारण इथेच चांगले चांगले दावे बिघडतात, म्हणजे मिटतात.

वाटणीचा दावा टाकताना बहिणीला पक्षकार करायचं विसरून जा. ‘तिचं लग्न लावून दिलं’ हे वाक्य तोंडपाठ ठेवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाएवढाच हक्क दिला, आणि वडील तेव्हा हयात असोत की नसोत, तो जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट करून टाकलं. प्लॉट वडिलांनी स्वतः कमावलेले असतील आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर ती १९५६ पासूनच बरोबरीची वारस आहे. तुम्ही मात्र तिचं नाव वगळा. दावा चालेल, पुरावे होतील, उलटतपास होईल, आणि युक्तिवादाच्या दिवशी समोरचा वकील चष्मा पुसत म्हणेल, आवश्यक पक्षकार नाही. मग दुरुस्ती अर्ज, तिला समन्स, तिचा जबाब, आणि बरंचसं पुन्हा पहिल्यापासून.

काही लोक याहून हुशार असतात. ते भाऊबीजेला बहिणीला आणायला स्वतः जातात. ओवाळणीत साडी, आणि साडीच्या पिशवीत तळाशी हक्कसोडपत्राचा मसुदा. वर्षभर फोन न केलेली वहिनी त्या दिवशी पुरणपोळी करते. रजिस्ट्री ऑफिसची अपॉइंटमेंट आधीच घेतलेली असते. बहीण बिचारी म्हणते, “दादा, सही करतो मी, पण पह्यले वाचून तं पाहू दे.” यावर तुम्ही दुखावलं गेलं पाहिजे. “म्हंजे भावावर भरोसा नाही तुले?” हे म्हणताना आवाज थोडा फाटू द्या. बहुतेक वेळा ती सही करते. क्वचित एखादी वाचते, आणि वाचली की तिसरी पार्टी तयार होते. या तिसऱ्या पार्टीला गावात सगळे नावं ठेवतात: माहेर तोडलं म्हणतात, लोभी म्हणतात. मसुदा साडीखाली ठेवणाऱ्याला व्यवहारी म्हणतात. ही आपली जुनी रीत आहे आणि तिच्याविरुद्ध कुठल्याही कोर्टात अपील नाही.

दावा लांबत गेला की माणसं वारतात. त्याचंही तंत्र आहे. समोरचा वारला तर नव्वद दिवसांच्या आत त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात, नाहीतर तेवढ्यापुरता दावा आपोआप पडतो. म्हणून तेरवीला अवश्य जा. कितीही वैर असो, जा. पंगतीत बसा, बुंदी घ्या, आणि डोळे पुसता पुसता वारस मोजा. मुंबईचा आलेला पोरगा कोणता, नागपूरची पोरगी कोणती, दोघांचे पत्ते काय, हे तिथे जितकं सहज कळतं तितकं बेलिफालाही कळत नाही.

दावा चालू असताना पैसे कमी पडले तर वादातलाच अर्धा प्लॉट विकून टाका. कायदा अडवत नाही. घेणारा निकालाला बांधील राहतो, इतकंच. म्हणजे तो प्लॉटबरोबर दावाही विकत घेतो, आणि त्याला तुम्ही तो फुकट दिला आहे.

काही जागांपासून सावध राहा. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी तालुक्याला जाऊ नका. तिथे तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. अपील नसलेला कागद घरात आणणं अशुभ. सलोखा योजना म्हणून एक प्रकार सरकारने २०२३ साली काढला. तुमचं वावर भाऊ बारा वर्षांपासून वाहतो आणि त्याचं तुम्ही, असं असेल तर पंचनामा करून अदलाबदलीचा दस्त करायचा, मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये, खेळ खलास. दोन हजारांत मिटणाऱ्या भांडणाला गावात काय इज्जत राहील, याचा तुम्हीच विचार करा. तंटामुक्त गाव समितीकडे मात्र बिनधास्त जाऊ शकता. २००७ पासून वेशीवर फलक आहे, त्याला पोपडे आलेत, आणि अध्यक्षांना तुमच्यासाठी वेळ नसतो कारण त्यांचीही तारीख असते.

एवढं सगळं करूनही तुम्ही जिंकलात, तर घाबरू नका. समोरच्याला जिल्हा न्यायालयात अपील आहे, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा काढता आला तर पुढे नागपूर खंडपीठ आहे. तेही संपलं तर हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावायला बारा वर्षं मिळतात. शेतजमिनीच्या वाटणीचा हुकूमनामा असेल तर कोर्ट तो जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतं, ते तहसीलला, तहसील भूमी अभिलेखला, आणि एक दिवस मोजणीवाले साहेब धुऱ्यावर येऊन विचारतात, लगतदार कोण, सही करा.

तारखेला एस.टी.नेच जा. फटफटीवर गेलात तर भाऊ भेटायचा नाही. एस.टी. एकच असल्यामुळे तो पुढच्या दारापाशी, तुम्ही मागच्या सीटवर. बोलायचं नाही, पण कंडक्टरशी मोठ्याने बोलायचं, म्हणजे त्याला ऐकू जातं. पाऊस काऊन दडून बसला, सोयाबीनले भाव नाही, मायची शुगर वाढली. तोही कंडक्टरलाच सांगतो की मायले डोळे दाखवायला सेवाग्रामला नेतो म्हणतो येत्या सोमवारी. तुम्हीही कंडक्टरलाच सांगा की गाडीचे पैसे अर्धे मी देतो. कोर्टात पुकारा होतो, साहेब रजेवर, पुढची तारीख. ती आता मोबाईलवरही दिसते, पण मोबाईलवर आलूबोंडा मिळत नाही. टपरी एकच, बाकडंही एकच, रस्सा तितकाच तिखट. चालत चालत बाहेर पडाल तेव्हा तो अचानक, कंडक्टर मध्ये नसताना, तुमच्याकडे न पाहता म्हणेल, “सहा फुटाचाच तं घोर हाय सारा. तीन तू घे, तीन मी घेतो. सोडून दे ना राजा.”

इथे पाय घसरू शकतो. जबाब आत्ताच पाठ करून ठेवा: “वकिलाले इचारून सांगतो.”