'मस्करी'चा संन्याशाशी संबंध नाही

सोलापुरातील काही व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा मजकूर फिरत आहे की, 'मस्करी' हा शब्द संस्कृतातील 'मस्करिन्' म्हणजे भटक्या संन्याशावरून आला. मस्करिन् हा शब्द खरा आहे. पाणिनीच्या 'मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः' या सूत्रात मस्कर म्हणजे वेळू आणि मस्करिन् म्हणजे परिव्राजक असे अर्थ दिले आहेत, पण तेथे थट्टेचा मागमूसही नाही. आपली मस्करी 'मस्खरा' या अरबी शब्दावरून फारसीमार्गे आली असून त्या शब्दाचा अर्थच थट्टा किंवा थट्टेचा विषय असा आहे. मराठीतील 'मसखरा', 'मसखरी' या रूपांत आणि शहरात कानावर पडणाऱ्या उर्दूत त्यातला 'ख' अजून टिकून आहे. (संस्कृत शब्दच हवा असेल, तर 'चेष्टा' आहेच, मूळ अर्थ हालचाल.) तो मजकूर कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.